कान नव्हे, तार तपासा!

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला स्टिरिओ हल्ली कर्कश वाजतो का? तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, गायिकेचा ‘स’ कानात टोचतो आणि पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतं, ‘‘अगं, बंद कर ते!’’ मग दुकानात धाव घेण्याआधी आमचा अनुभव ऐका.

गेल्या वर्षी आम्ही वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो. मामंजींच्या रेकॉर्ड्सची पेटीही जागेवर लागली. ते असताना रोज संध्याकाळी दोघांचा गाणं ऐकण्याचा नेम असे. नव्या घरात सासूबाई दोन दिवस ऐकायला बसल्या आणि तिसऱ्या दिवशी उठून गेल्या. ‘‘तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला गं?’’ एवढंच म्हणाल्या. ‘वयाप्रमाणे कान गेले,’ असं आम्ही परस्पर ठरवूनही टाकलं! दुकानदार म्हणाला, नवा ॲम्प्लिफायर घ्या. दोष निघाला एका तारेत.

स्पीकरच्या पाठीमागे लाल आणि काळी अशा दोन जागा असतात. दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, की एकाचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसऱ्याचा मागे ओढतो. खर्जाचे सूर एकमेकांना मारतात. उरतो तो पातळ आवाज. म्हणून आधी प्लग काढा. मग ॲम्प्लिफायरच्या लालपासून स्पीकरच्या लालपर्यंत आणि काळ्यापासून काळ्यापर्यंत तार गेली आहे ना, ते दोन्हीकडे पाहा. तारेचा एकही सुटा धागा शेजारच्याला लागता कामा नये, नाहीतर ॲम्प्लिफायर जळायचा! आता एखादं जुनं मोनो गाणं लावून दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा. गळा मधोमध ऐकू आला, की जोडणी बरोबर.

तरीही कर्कशच? मग मोबाइल जोडून तेच गाणं लावून बघा. मोबाइलवर छान आणि फक्त रेकॉर्डच पातळ वाजत असेल, तर ती ‘ऑक्स’मध्ये जोडली नाही ना, ते पाहा. रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. १९५४ साली अमेरिकेत ठरलेली ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ जोडणीत तो समतोल परत साधला जातो. काही टर्नटेबलांत ही सोय आतच असते. तिथे मात्र मागचं बटण ‘लाइन’वर ठेवून ‘ऑक्स’च वापरायचं.

सुईही विसरू नका. तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने मागून पुढे, हलक्या हाताने काढा. झिजलेली सुई नुसती खरखरत नाही, रेकॉर्डची खाच कायमची बिघडवते. पुन्हा न मिळणारी रेकॉर्ड घालवण्यापेक्षा नवी सुई घेतलेली बरी.

शेवटी खोली. उघड्या भिंती, फरशी आणि काचा वरचे सूर परत फेकतात. टाळी वाजवून बघा; झणझणाट आला तर समोर सतरंजी पसरा, जाड पडदे लावा. स्पीकर भिंतीच्या थोडा जवळ सरकवला की खर्ज वाढतो, पण अगदी कोपऱ्यात ठेवलात तर घुमायला लागतो बरं का! आणि स्पीकरचं उंच सुरांचं छोटं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर हवं.

आम्हाला खर्च आला तो एका सतरंजीचा, तीही माळ्यावरचीच! त्या संध्याकाळी सासूबाई वाती वळत येऊन बसल्या. थोड्या वेळाने हात थांबले. ‘‘हं, आता बरोबर,’’ म्हणाल्या. मी मात्र मनातून खजील झाले.

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस ‘आवाज बरोबर नाही’ म्हणालं, तर त्यांच्या वयाकडे बोट दाखवू नका. आधी स्पीकरची पाठ बघा!