गढी तोफेनं पडत नाही

जिंतूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ठिबकला ॲसिड सोडलं, तरी महिन्याभरात ड्रीपर पुन्हा चोक. असं का?

ड्रीपर फोडा आणि आत बोट फिरवा. खरखरीत, पांढरं लागलं तर तो बोअरच्या पाण्यातला क्षार, ॲसिडनं जातो. बोट सटकन घसरलं, तर आत बायोफिल्म आहे. साखरेच्या लांब साखळ्या आणि प्रथिनं यांचा चिकटा करून जिवाणूंनी उभारलेली ती गढीच. ब्लीचिंगचं पाणी बाहेरच्यांना मारतं, आतले बरेच खुशाल राहतात. रुग्णाच्या कॅथेटरमध्ये हीच गढी उभी राहिली, की आतल्या जिवाणूंना मारायला प्रतिजैविक कधी कधी हजारपट लागतं.

आपल्याकडच्या गढ्या कशा पडल्या, आठवा. तोफांनी थोड्या, पावसानं जास्त. माती भिजली, खचली, उरलेली लोकांनी माळवदावर टाकायला नेली. संशोधकांना आता असाच पाऊस हवा आहे : जिवाणू मेला नाही तरी चालेल, त्याची भिंत विरघळली पाहिजे.

तो शोधायला ते खाऱ्या, गोठलेल्या, उकळत्या जागी जातात. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या एका जिवाणूपासून इटलीतल्या संशोधकांनी पेंटाडेकॅनॅल हा रेणू वेगळा केला. कॅथेटरवर बस्तान मांडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसला तो थर बांधू देत नाही. निदान प्रयोगशाळेत तरी. तिथून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट लांब आहे, म्हणून ‘प्रतिजैविकांचा काळ संपला’ असले मथळे मी बाजूला ठेवतो.

आपल्याला अंटार्क्टिका कशाला, मंठ्याच्या वाटेनं गेलं की लोणार आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. इथल्या खारापासून साबण आणि काच होते, ही नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. साबणाच्या पाण्यात कोण जगणार? जपानच्या कोकी होरिकोशींनी 1968 साली हेच विचारलं, आणि त्यासाठी कुठल्या सरोवरावरही गेले नाहीत. धुण्याचा सोडा घातलेल्या द्रावणात साधी माती टाकली. सकाळी बाटल्या जिवाणूंनी गढूळ! असल्या जिवाणूंची प्रथिनं कापणारी विकरं पुढे कपड्यांच्या पावडरीत आली. शर्टावरचा वरणाचा डाग आणि नळीतला चिकटा, दोन्हींत प्रथिनं असतात. म्हणून ही विकरं बायोफिल्मवर आजमावली जातात.

लोणार 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हा कॅमेरे धावले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं कारण सांगितलं : मीठप्रेमी हॅलोआर्किया. पण त्याच संस्थेतल्या डॉ. प्रज्ञा कानेकर आणि सहकाऱ्यांनी याच सरोवरातल्या जिवाणूंकडून विषारी फिनॉलचा निचरा करवून घेतला होता 1999 साली. तेव्हा पाणी हिरवंच होतं, त्यामुळे बातमी झाली नाही.

जिंतूरकरांनी तूर्त प्रत्येक लॅटरलची एंड कॅप काढून पाणी जोरात सोडावं. आधी येणारं तपकिरी, बुळबुळीत पाणी ओंजळीत धरून बघा. ढासळलेली गढी तीच.