छतावर सोलर, तरी लाईट गेली की पंखा बंद का?

ग्रामपंचायत, झेडपी शाळा, दवाखाना यांच्या स्लॅबवर आता सोलर पॅनेल दिसू लागलेत. पण लाईट गेली की भर उन्हातही पंखे बंद पडतात. मग लोक म्हणतात, पॅनेल बोगस आहे. तसं नसतं.

बिनबॅटरीचं सोलर महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं. लाईन बंद झाली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. नाहीतर ती वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

फायदा होतो तो बिलात. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे ५ किलोवॉटचे महिन्याला ६०० युनिट. सुट्टीत शाळा बंद असली तरी नेट मीटरमुळे लाईनला दिलेले युनिट बिलातून वजा होतात. मात्र थकबाकीपायी कनेक्शन तोडलं, तर हे सोलरही बंद.

दवाखान्यात लसीचा फ्रीज लाईट नसताना चालवायचा तर बॅटरी हवीच.

म्हणून ग्रामसभेत ठरावाच्या वेळीच विचारा: बॅटरी आहे का? नेट मीटर कधी बसणार? पॅनेलवरची धूळ कोण धुणार? धूळ साचली की युनिट घटलेच.