इंटरनेटविना दोघांचा खेळ

अकोले तालुक्यासारख्या डोंगराळ भागात मोबाइलची रेंज गेली, तरी १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मूळ सीडीवरून दोघांना एकत्र खेळता येतो. त्याला इंटरनेट नव्हे, राउटर किंवा दोन संगणक थेट जोडणारी केबल लागते. जोडणी झाली नाही की खेळाच्या जुनेपणाला दोष दिला जातो, पण गडबड बहुधा नेटवर्कमध्ये असते. म्हणून आधी दोन्ही आयपी पत्ते पाहावेत. एक १९२.१६८ ने आणि दुसरा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर दुसऱ्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ते जुळूनही खेळ यादीत दिसत नसेल, तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे आणि फायरवॉलमध्ये त्या खेळाला परवानगी द्यावी. फायरवॉलच बंद करणे सोपे, असे कुणी म्हणेल. तपासापुरते क्षणभर ठीक, पण कायमचे बंद ठेवल्यास संगणक उघडा पडतो.

जुनेपणाचा आक्षेप अगदीच खोटा नाही. विंडोज व्हिस्टापासून आयपीएक्स हा जुना नेटवर्क प्रोटोकॉल काढून टाकला गेला, त्यामुळे केवळ त्यावर चालणाऱ्या डॉसच्या खेळांना डॉसबॉक्स या एमुलेटरचा आधार घ्यावा लागतो. विंडोज १० मध्ये जुन्या खेळांना नेटवर्कसाठी लागणारा डायरेक्टप्ले हा घटकही वेगळा सुरू करावा लागतो. मात्र हे दोन्ही उपाय पत्ते आणि परवानग्या तपासल्यानंतरचे.