साक्षीदार नसलेला खटला

जानेवारी २०१८. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह एका वैदिक संमेलनासाठी औरंगाबादेत आले होते. पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितलेलं नाही की लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून याचा प्रतिवाद केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळा म्हणून सांगितलं आणि आठवड्याभरात विषय वर्तमानपत्रांतून उतरला.

मला त्यातली एक गोष्ट मात्र विसरता आली नाही. सिंह हे रसायनशास्त्र शिकलेले आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून पोलीस फाइल बंद करत नाहीत. पंचनामा होतो, बोटांचे ठसे घेतले जातात, रक्ताचे डाग तपासले जातात आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कोर्टात उभी राहते. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस उत्क्रांतीच्या बाबतीत मात्र प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागत होता. ‘लोक अडाणी आहेत म्हणून उत्क्रांती मानत नाहीत’ हे सोपं उत्तर इथे चालत नाही.

आधी पंचनामा पाहू. माणूस आजच्या माकडापासून झाला असं जीवशास्त्र म्हणतच नाही. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ. दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या २३. मग एक जोडी गेली कुठे? दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडून एक झाली असतील, तर एरवी फक्त टोकांना दिसणाऱ्या खुणा त्या नव्या गुणसूत्राच्या पोटात सापडायला हव्यात. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात त्या नेमक्या सापडतात. जुन्या लुगड्याला दंड घातला, की शिवण कायमची दिसत राहते, तसं.

देवमाशाचा पुरावा तर आपल्याच उपखंडातल्या दगडांत आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या खडकांत एका छोट्या, खूर असलेल्या प्राण्याची हाडं होती. १९७१ मध्ये त्यांनी त्याला ‘इंडोहायस’ हे नाव दिलं. त्यांच्यामागे उरलेले खडक त्यांच्या पत्नीने अमेरिकी संशोधक हान्स थेविसन यांच्या हवाली केले. ते साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं जे हाड दिसलं, त्याची घडण देवमाशांत असते तशी निघाली. मांजराएवढा, पाण्यात उतरणारा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांच्या अगदी जवळच्या गोतातला होता. थेविसन आणि रुरकीचे सुनील बाजपेयी यांच्या गटाने २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. पाकिस्तानात आणि कच्छमध्ये सापडलेले चालणारे, मग अर्धवट पोहणारे देवमासे त्याच्या शेजारी ठेवले, की पाय आखूड होत जाताना दिसतात. हे घडताना पाहायला कोणी नव्हतं. ठसे मात्र जागच्या जागी आहेत.

एवढं असूनही मन का मानत नाही? एक अडचण काळाच्या मापाची आहे. शंभर वर्षांना एक मिलिमीटर धरा. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीची साडेतीनशे कोटी वर्षं त्या मापाने ३५ किलोमीटर होतात, म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली जवळजवळ तेवढं अंतर. आपली मानवजात त्यातल्या शेवटच्या तीन मीटरांत आली. लिहिलेला सगळा इतिहास पाच सेंटिमीटरांत मावतो आणि तुमचं-माझं आयुष्य एका मिलिमीटरात. मिलिमीटरभर जगणाऱ्याने ३५ किलोमीटरांचा अंदाज बांधावा, ही अपेक्षाच मोठी आहे.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच दडलेली आहे. मराठीत ‘कशाला’ आणि ‘कशामुळे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ढग कशाला असतात? पाऊस पाडायला. लहान मूल हे उत्तर आनंदाने घेतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी मुलांना टोकदार दगडांविषयी विचारलं, तेव्हा मुलांनी दगडांनाही हेतू चिकटवला. प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं म्हणून दगड टोकदार, अशा धर्तीचं उत्तर त्यांना पटलं. मोठेपणी शाळा ही खोड मोडते, पण ती मुळापासून जात नाही. घाईघाईने उत्तरं द्यायला लावली, तर व्यवसायाने वैज्ञानिक असलेली माणसंही जास्त वेळा ‘कशाला’कडे घसरतात, असं केलेमन यांच्याच पुढच्या प्रयोगांत दिसलं. डार्विनने केलं ते एवढंच, की जिराफाची मान, गरुडाची नजर, आपला अंगठा या सगळ्यांपुढचा ‘कशाला’ काढून तिथे ‘कशामुळे’ ठेवला. ऐकायला अक्षराचा फरक, सोसायला फार मोठा.

त्यात आपला ‘उत्क्रांती’ हा शब्दही धड मदत करत नाही. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे वर किंवा बाहेर निघून जाणं. वेदान्तात तर देहातून जीव निघून जाण्याला तो वापरतात. ‘उत्’ ऐकताच डोळ्यांसमोर जिना येतो : खाली अमीबा, वर माकड, सगळ्यात वर आपण. डार्विनच्या कल्पनेत जिना नाही, फांद्या फुटत गेलेलं झाड आहे, आणि त्याला शेंडा नाही. प्राण्यांच्या ‘जाती’ म्हणतानाही तीच गोची होते. जी जात नाही ती जात, हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं, की एका जातीतून दुसरी निपजते हे कानाला मुळातच विपरीत वाटतं.

पण मनाच्या या खोडी जगभर सारख्याच आहेत, नकार मात्र सारखा नाही. २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३४ देशांची तुलना छापून आली. उत्क्रांती मान्य करणाऱ्यांच्या प्रमाणात अमेरिका शेवटून दुसरी होती, तिच्या खाली फक्त तुर्कस्तान. चंद्रावर माणूस उतरवणारा देश इथे तळाला का, हे कळायला टेनेसी राज्यातल्या डेटन नावाच्या गावात जावं लागतं.

१९२५ च्या मार्च महिन्यात टेनेसीने कायदा केला, की माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असं सरकारी शाळांत शिकवायचं नाही. हा कायदा मांडणारे जॉन बटलर हे शेतकरी आमदार. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने वर्तमानपत्रातून जाहीर केलं, की हा कायदा मोडायला कोणी शिक्षक तयार असेल तर खटल्याचा खर्च आमचा. डेटनच्या औषधांच्या दुकानात बसून काही मंडळींनी बेत रचला : खटला आपल्याच गावात झाला तर गावाचं नाव होईल. टेनिस खेळणाऱ्या २४ वर्षांच्या जॉन स्कोप्स या मास्तरला बोलावणं गेलं. तो मुळात फुटबॉलचा प्रशिक्षक; जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या जागी काही दिवस वर्गावर गेला होता. उत्क्रांतीचा धडा आपण खरंच शिकवला का, हे त्यालाही नीट आठवत नव्हतं! तरी तो आरोपी व्हायला तयार झाला. आणखी गंमत म्हणजे ज्या पुस्तकात तो धडा होता, ते हंटरचं ‘सिव्हिक बायॉलॉजी’ राज्यानेच मंजूर केलेलं होतं.

जुलैमध्ये खटला उभा राहिला. गावात कपडे घातलेला चिंपांझी आणला गेला, शिकागोच्या रेडिओने कामकाज थेट ऐकवलं. बचावाला क्लॅरन्स डॅरो, सरकारी बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. बचाव पक्षाने शास्त्रज्ञ साक्षीसाठी आणले होते, पण कायदा मोडला की नाही एवढाच प्रश्न आहे म्हणून न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे त्यांना बोलूच दिलं नाही. मग डॅरोने थेट ब्रायनलाच बायबलचा जाणकार म्हणून साक्षीला बोलावलं. गर्दीने कोर्टाची जमीन खचेल या भीतीने त्या दिवशी कामकाज बाहेरच्या हिरवळीवर चाललं होतं. योनाला माशाने गिळलं ते खरं का, केनला बायको कुठून मिळाली, अशा प्रश्नांनी ब्रायन घायकुतीला आले. सृष्टीच्या निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही, हेही त्यांनी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतून काढून टाकली. ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवलं, शंभर डॉलर दंड झाला. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले.

पुढच्या काळाने ब्रायनना विदूषक करून टाकलं. हे मला अन्यायाचं वाटतं. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेला हा माणूस शेतकऱ्या-कामगारांचा पुढारी होता, स्त्रियांच्या मताधिकाराचा पाठीराखा होता. देश युद्धाकडे ओढला जातोय असं वाटल्यावर १९१५ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन अधिकारी ‘बलवान तोच टिकेल’ या तत्त्वावर युद्धाचं समर्थन करत होते, असा वृत्तांत व्हर्नन केलॉग या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्याचा ब्रायन यांच्यावर खोल परिणाम झाला. दुबळ्यांनी मरावं हाच निसर्गाचा नियम असं पोरांना शिकवलं, तर दुबळ्यांच्या बाजूने उभं कोण राहणार, ही त्यांची भीती होती. आणि ती अगदीच हवेतली नव्हती. त्याच ‘सिव्हिक बायॉलॉजी’त माणसांचे पाच वंश पाडून गोऱ्यांना सर्वांत वर बसवलेलं होतं, आणि ‘हीन’ कुटुंबांची वाढ रोखावी असा सुप्रजननाचा उपदेशही होता. (याचा अर्थ ब्रायन वंशभेदाविरुद्ध लढत होते असा नव्हे. १९२४ मध्ये आपल्या पक्षाच्या ठरावात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लान या संघटनेचं नाव घेऊन निषेध करायला त्यांनी विरोध केला होता.) उत्क्रांतीच्या नावाखाली विज्ञान आणि गोऱ्यांचा माज एकाच पुस्तकात बांधून विकले जात होते. ब्रायननी माज नाकारताना विज्ञानही फेकलं. चूक त्यांची होतीच, पण गाठोडं त्यांनी बांधलेलं नव्हतं.

‘कोणी पाहिलं?’ या प्रश्नाच्या पोटात मला हाच दुसरा प्रश्न ऐकू येतो : हे खरं असेल तर आम्ही कोण उरलो, चांगलं-वाईट ठरवणार कोण, आमच्या माणसांत आम्हाला जागा राहील का? अमेरिकेत सरकारी पाहणीत लोकांना विचारलं, माणूस आधीच्या प्राण्यांपासून विकसित झाला, हे खरं की खोटं? जवळपास निम्म्यांनीच ‘खरं’ म्हटलं. त्याच प्रश्नाआधी ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढे शब्द जोडले, तर बरोबर उत्तरं सुमारे तीन चतुर्थांशांवर गेली. म्हणजे सिद्धांत काय सांगतो हे पुष्कळांना ठाऊक आहे. तो ‘आपला’ म्हणायला मात्र ते तयार नाहीत, कारण तसं म्हणताच चर्चमधल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने आपण पलीकडच्या गोटात जातो. अशा माणसाला आणखी जीवाश्म दाखवून काय होणार?

उलट बाजूही आहे. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळामंडळाने नववीच्या मुलांना ‘बुद्धिमान रचने’ची, म्हणजे सजीव कोणा हुशार कर्त्याने घडवले या मताची, ओळख करून द्यायचं ठरवलं आणि ११ पालक कोर्टात गेले. पालकांच्या बाजूने साक्ष देऊन गुणसूत्रांची ती शिवण कोर्टाला समजावणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक होते. निकाल पालकांच्या बाजूने देणारे न्यायाधीश जॉन जोन्स यांना नेमलं होतं रिपब्लिकन अध्यक्ष धाकट्या बुश यांनी. पालकांच्या वकिलांनी शाळामंडळाच्या आवडत्या पुस्तकाचे जुने खर्डेही कोर्टामार्फत मागवले होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून सृष्टिनिर्मितीवाद शिकवायला लावणारा कायदा रद्द केल्यावर, पुस्तकात ‘क्रिएशनिस्ट्स’च्या जागी सगळीकडे ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ हे शब्द घातले गेले होते. एके ठिकाणी बदल अर्धवट राहून ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असा शब्द खर्ड्यात राहून गेला होता. जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट, मध्ये नवा शब्द. मधल्या अवस्थेचे जीवाश्म दाखवा म्हणणाऱ्यांच्या घरातच एक सापडला.

आपल्याकडे नकाराची तऱ्हा निराळी. इथे पुष्कळजण उत्क्रांती नाकारत नाहीत, ‘आमच्याकडे आधीच होती’ म्हणतात. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन : दशावतार म्हणजेच उत्क्रांती. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनहून सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. ऐकायला हा स्वीकार वाटतो. पण अवतार हेतूने येतो, संकट पाहून येतो, पायरीपायरीने वर चढतो. डार्विनने काढून टाकलेला ‘कशाला’ मागच्या दाराने घरात आणून बसवला, की उरतो तो पुन्हा जिनाच.

डेटनच्या खटल्यात स्कोप्सचा दंड १९२७ मध्ये तांत्रिक चुकीवरून रद्द झाला, कायदा मात्र १९६७ पर्यंत राहिला. पण त्या काळात खरा परिणाम कोर्टात झाला नाही, छापखान्यात झाला. प्रकाशकांनी कोणाशी वाद न घालता उत्क्रांतीचा मजकूर पातळ करून टाकला. हंटरच्या पुस्तकाची १९२६ ची नवी आवृत्तीही त्यातलीच. आपल्याकडेही तसंच झालं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. कारण दिलं गेलं ते मुलांवरचा भार कमी करण्याचं. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. धडा बारावीत आहे, जीवशास्त्र घेणाऱ्यांसाठी. दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाची त्या पुस्तकांतून इंडोहायसच्या गोताशी गाठ पडणार नाही, आणि आपण काही नाकारलं असंही त्याला कधी वाटणार नाही.