सोन्याचे विष आणि त्याची राखण

सायनाइड हा शब्द सुशिक्षित कुटुंबांत बहुधा रहस्यकथांच्या वाटेने शिरतो. चिमूटभर भुकटी, क्षणार्धात मृत्यू आणि मागाहून येणारा कडू बदामाचा वास, एवढ्यावर आपली माहिती संपते. परंतु ज्या द्रव्याचे नुसते नाव ऐकून आपण दचकतो, त्याच्याच साहाय्याने जगातील खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा फार मोठा भाग दगडापासून वेगळा केला जातो. तेव्हा घरातील नव्या सुनेच्या मंगळसूत्राचे सोने कोणत्या ना कोणत्या दूरच्या खाणीत या विषाच्या पाण्यातून निघालेले असण्याचा पुष्कळच संभव आहे. असे हे विष खाणींवर टनांनी हाताळले जाते. ते कसे सांभाळले जाते, न सांभाळल्यास काय ओढवते, आणि जेथे सोन्याची एकही खाण नाही त्या आमच्या यवतमाळ जिल्ह्याने त्यापासून काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या विषाची ओळख करून घेऊ. कार्बन आणि नत्र या दोन अगदी सामान्य मूलद्रव्यांच्या जोडीपासून ते बनते. स्वीडनमधील शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७८२ साली 'प्रशियन निळा' या रंगापासून त्याचे आम्ल प्रथम तयार केले. तथापि मनुष्याने शोधण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने त्याचे बीज वनस्पतींच्या पोटी ठेवून दिले होते. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर धसकटांना फुटलेले हिरवे फुटवे गुरांनी खाल्ले, तर त्यांच्या पोटात हेच आम्ल सुटते आणि जनावर पाहता पाहता दगावते. कोवळी ज्वारी बाधते, हे विदर्भातील शेतकरी रसायनशास्त्र न शिकताही जाणून असतो. तीच ज्वारी निसवून वाळली, म्हणजे तिचा कडबा निर्धास्तपणे घातला जातो. आपल्या चटणीतील जवसात त्याचा किंचित अंश असतो, म्हणून जवस भाजून घेणे हितावह होय. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, त्या कंदातही तो असतो. कंद किसून, पाण्याने वारंवार धुऊन व उष्णता देऊन ते विष काढून टाकलेले असते, म्हणूनच आपण खिचडी निःशंकपणे खातो.

सायनाइड मारते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. ते रक्तातील प्राणवायू हिरावून घेत नाही. पेशींना तो वापरण्याची जी शक्ती असते, तीच ते बंद पाडते. भरल्या ताटापुढे एखाद्याला तोंड बांधून बसवावे, तशी शरीराची दशा होते. मात्र पारा अगर शिसे यांच्याप्रमाणे ते शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाही. मोकळी हवा व सूर्यप्रकाश मिळाल्यास ते हळूहळू विघटित होते. म्हणजे हा शत्रू भयंकर खरा, परंतु त्याचा स्वभाव पूर्ण परिचयाचा आहे, आणि ज्याचा स्वभाव ठाऊक आहे त्यास बंधनात ठेवता येते.

आता सोन्याकडे वळू. एक टन खडक फोडून दळावा, तेव्हा त्यातून कित्येकदा अवघे काही ग्रॅम सोने हाती लागते. पूर्वी दळलेल्या खडकावर पाऱ्याचा प्रयोग करीत, परंतु त्यायोगे बरेच सोने गाळातच राहून जाई. १८८७ साली ग्लासगो येथे जॉन मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधू यांनी यावर उपाय काढला. सायनाइडच्या अत्यंत सौम्य द्रावणात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, सोने साखरेसारखे विरघळते. मग जस्ताच्या भुकटीने किंवा कोळशाने ते द्रावणातून परत मिळविता येते. यासाठी वापरला जाणारा उत्तम कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो, हे ऐकून गृहिणींस कौतुक वाटेल. आपल्या देशात कोलारच्या प्रसिद्ध खाणींवरही हीच पद्धत रूढ झाली. जॉन टेलर यांच्या कंपनीने १८८० साली हाती घेतलेल्या त्या खाणी पुढे सरकारी मालकीच्या झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडल्या.

या कामात मुख्य धोके दोन. पहिला असा की, सायनाइडच्या पाण्यात आम्लता शिरली, तर त्यातून विषारी वायू उठतो. म्हणून त्या पाण्यात चुना घालून त्याचा क्षारगुण सदैव राखावा लागतो. रसायनज्ञांच्या मापाने सांगावयाचे, तर सामू दहाच्या वर ठेवावा लागतो. चुन्यासारखी स्वस्त वस्तू येथे माणसांचे प्राण राखते! दुसरा धोका उरलेल्या गाळाचा. सोने काढून घेतल्यावर लक्षावधी टन विषयुक्त चिखल मागे राहतो, व तो बांध घालून साठवावा लागतो. समुद्रमंथनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. शंकराने हलाहल गिळले नाही आणि थुंकलेही नाही, ते कंठातच धारण केले. खाणीवरील गाळाच्या तलावाचे कार्य नेमके हेच आहे. कंठ दुर्बळ असला, म्हणजे काय होते ते पाहा.

३० जानेवारी २००० च्या रात्री रुमानियातील बाया मारे या गावाजवळ बर्फ वितळले, त्यातच पाऊस झाला आणि गाळाच्या तलावाचा बांध फुटला. सुमारे १ लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांत शिरले. सोमेश, तिसा आणि शेवटी डॅन्यूब अशी त्याची वाट होती. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले आणि नदीकाठच्या गावांना पिण्याच्या पाण्याची पंचाईत पडली. चौकशीअंती असे दिसून आले की, अधिक पाणी आल्यास त्याचे काय करावयाचे याचा हिशेबच त्या तलावाच्या आखणीत पुरेसा केलेला नव्हता. त्यापूर्वी २० मे १९९८ रोजी किरगिझस्तानात कुमतोरच्या खाणीकडे निघालेली एक मालमोटार पुलावरून नदीत कोसळली व १,७६२ किलो सायनाइड पाण्यात गेले. एके ठिकाणी साठवण चुकली, दुसऱ्या ठिकाणी वाहतूक. दोन्ही ठिकाणी खाणीच्या आतले कामगार नव्हे, तर नदीकाठची माणसे संकटात सापडली.

बाया मारेच्या अनर्थानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या सहभागाने या विषाच्या हाताळणीची एक आंतरराष्ट्रीय संहिता तयार करण्यात आली. तीत नऊ तत्त्वे आहेत: उत्पादन, वाहतूक, साठवण, खाणीवरील वापर, काम संपल्यावरची आवराआवर, कामगारांचे रक्षण, आणीबाणीची तयारी, शिक्षण, आणि आसपासच्या लोकांशी मोकळा संवाद. ही संहिता कायदा नव्हे. तिचा स्वीकार स्वेच्छेने करावयाचा असतो. परंतु एकदा स्वीकार केला, म्हणजे त्रयस्थ परीक्षकाकडून दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, व तिचा निष्कर्ष प्रसिद्ध होतो. तीव्र द्रावणात रंग मिसळलेला असावा, म्हणजे गळती डोळ्यांना तत्काळ दिसेल, अशी बारीक दक्षताही तीत सांगितली आहे. गाळातील सायनाइड तलावात सोडण्यापूर्वी रासायनिक क्रियेने नष्ट करण्याच्या रीतीही आता सर्वत्र परिचित आहेत. आपल्याकडील मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक सायनाइड असता कामा नये. केवढी ही सूक्ष्म मर्यादा, आणि तरी ती पाळता येते!

तथापि कोलारचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकविते. तेथील खाणी बंद झाल्या, परंतु गाळाचे डोंगर वस्तीच्या कडेला तसेच उभे राहिले. त्यांची बारीक धूळ वाऱ्याबरोबर घरांत शिरते. सोने काढून नेणाऱ्यांचा हिशेब मिटला, पण मागे राहणाऱ्यांचा मिटला नाही. संहितेत आवराआवरीचे स्वतंत्र तत्त्व का घातले, याचे उत्तर या डोंगरांपाशी मिळते.

संहितेची नऊ तत्त्वे लक्षात ठेवून आता आपण यवतमाळकडे येऊ. येथे सोन्याची खाण नाही. येथले सोने पांढरे आहे, आणि त्यालाही विष लागते. २०१७ सालच्या खरिपात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला पोचली होती. बोंडअळीच्या भयाने कीटकनाशकांची फवारणी जोरात सुरू झाली. मजूर डोक्याच्या पातळीवर फवारा मारीत होते. वाफेसारखे तुषार त्यांच्याच चेहऱ्यावर, डोळ्यांत व श्वासात उतरत होते. अनेकांच्या पायांत वहाण नव्हती, हातांत मोजे नव्हते, तोंडावर साधे फडकेही नव्हते. त्या हंगामात जिल्ह्यातील शेकडो माणसे विषबाधेने रुग्णालयात दाखल झाली आणि वीसहून अधिक दगावली. कित्येकांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली होती, त्यामुळे नेमक्या कोणत्या विषावर उपचार करावयाचा, हे ठरविणे वैद्यांनाही कठीण झाले. शासनाने विशेष पथकाकडून चौकशी करविली व यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांची विक्री काही काळ बंद केली. त्यांतील मोनोक्रोटोफॉस या औषधावर पुढे २०२३ साली केंद्र सरकारने बंदीचा आदेश काढला.

कायदा नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा व त्याखालील नियम १९७१ सालचे आहेत. डब्यावर लाल, पिवळा, निळा अगर हिरवा त्रिकोण असतो, आणि त्यावरून विषाची तीव्रता कळते. फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख हवा, हेही नियमांत आहे. मग उणीव कोठे राहिली? संहितेची नऊ तत्त्वे एकेक करून लावून पाहावीत, म्हणजे उत्तर सापडते. सोन्याच्या खाणीवर विषाची जबाबदारी कारखान्यापासून बंद झालेल्या तलावापर्यंत एका साखळीत बांधण्याचा प्रयत्न झाला. आपल्या शेतात ती साखळी कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी तुटते. त्यापुढे डबा ज्याच्या हाती पडतो, त्या रोजंदाराला अक्षरओळख असेलच असे नाही, आणि डब्यावरची सूचना तर इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्मा लावूनही ती वाचता येऊ नये. विषाचा सर्व भार साखळीतील शेवटच्या, सर्वांत निर्बल माणसावर टाकून आपण मोकळे होतो. माझ्या मते सारे मर्म येथेच आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची गावी थोडीबहुत शेती असेल, व ती बटईने अथवा मक्त्याने दिलेली असेल. शहरात बसून आपण वाटा घेतो. त्या वाट्याबरोबर काही कर्तव्येही येतात. हंगामापूर्वीच मोजे, बूट, चष्मा व तोंडाचा पट्टा मालकाने घेऊन द्यावा. एका बोंडाच्या दरापुढे त्याचा खर्च मोठा भासेल, पण एका माणसापुढे तो काहीच नाही. औषध विकत घेताना त्रिकोणाचा रंग पाहावा आणि सौम्य पर्याय मागावा. दोन औषधे मनाने मिसळू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर उन्हात फवारणी करवू नये. उंच पिकात तर तिचा आग्रहच धरू नये. उपाशीपोटी कोणास फवारणीस लावू नये, आणि काम संपल्यावर अंघोळीस पुरेसे पाणी व साबण द्यावा. औषध मूळ डब्यातच, कुलपात, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. रिकामा डबा कधीही तेला-पाण्यासाठी वापरू देऊ नये. कोणास घाम, मळमळ, डोळ्यांची अंधारी अगर श्वासाचा त्रास होऊ लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे, आणि जाताना औषधाचा डबा बरोबर घ्यावा. डब्यावरील नाव वाचूनच वैद्यास योग्य उतारा ठरविता येतो.

विषाचा उपयोग टाळताच येत नाही, असे ज्यांचे मत आहे त्यांस माझे इतकेच सांगणे आहे की, तो टाळता येत नसेल तर त्याची राखणही टाळता येणार नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत विषविचाराला अगदतंत्र म्हणून स्वतंत्र स्थान दिलेले आहे. विष हे ज्ञानाने व दक्षतेने हाताळावयाची वस्तू आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आम्ही मात्र ती सर्वांत स्वस्त मजुराच्या पाठीवर बांधून दिली. येत्या श्रावण-भाद्रपदात पऱ्हाटी पुन्हा उंच वाढेल आणि पंप पुन्हा पाठीवर चढतील. त्यापूर्वी प्रत्येक जमीनधारक कुटुंबाने आपल्या शेतात फवारणी कोण करणार आहे, त्याचे नाव काय, आणि त्याच्या हातांत मोजे आहेत की नाहीत, एवढी चौकशी एका पत्राने अगर दूरध्वनीने केली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.