माकणीच्या फुगवट्यात पाणवनस्पती शोधताना

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात माकणीला तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. पावसाळा सरला की काठालगतचं पाणी निवळतं आणि पाणवनस्पती फुलावर येतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर तिथं उतरलं की कळतं, हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. पाण्यात उभ्या असलेल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. खोली, जागा, तारीख काठावरच्यांनी लिहायची.

कुठं शोधायचं, ते मासेमारी करणाऱ्या मामांनी सांगितलं. जिथं त्यांचं जाळं अडकतं, तिथं आम्ही दोरीला बांधलेला लोखंडी गळ टाकला. वर आला तो हिरवा गुंता. सरांनी नावं सांगितली नाहीत, आधी चाचपायला लावलं. हायड्रिलाची पानं खोडाभोवती चक्रात, कडा खरखरीत. सेराटोफायलमच्या पानाला फाटे फुटत जातात आणि या रोपाला मूळ नसतंच. कॅरा हातात चुरचुरते, कारण तिच्या अंगावर चुन्याचं पुट. वास उग्र, लसणासारखा. ती तर फुलझाडही नव्हे, शैवाल आहे.

खरा वेळ घेतला तो व्हॅलिस्नेरियानं. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळाशी असतात. ती सुटतात, वर येतात, उमलतात आणि तरंगत मादीफुलापाशी पोचतात. परागण झालं की तोच देठ मळसूत्रासारखा वळून फळाला पाण्याखाली ओढून घेतो. भिंग हाती असलेली मुलं जागची हलेनात. पुस्तकातली आकृती शंभरदा पाहिली तरी हे पाहण्याची भूक त्यानं भागत नाही.

नमुना दाबणं सर्वांत नाजूक. ही रोपं बाहेर काढताच लुळी पडतात. म्हणून ट्रेमधल्या पाण्यात रोप तरंगवायचं, खालून जाड कागद सरकवायचा, कुंचल्यानं पानं पसरायची आणि कागद तिरका धरून सावकाश उचलायचा. वर पातळ कापड, मग टीपकागद. तो रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते.

पाणवनस्पती म्हटलं की आपल्याकडे कासच्या पठाराचं नाव निघतं. तिथल्या वायतुऱ्याला 1982 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. तो मान योग्यच. पण मराठवाड्यातली पाणीही तितक्याच निगुतीनं पाहायला हवीत. व्ही. एन. नाईक यांचं उस्मानाबादच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1979 चं, तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होतं. नंतर किती तलाव भरले, किती आटले! 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात कोणती वनस्पती तग धरते, हे एका भेटीत ठरत नाही.

हायड्रिला चिखलात बारीक कंद धरते. म्हणून काठावर खुणेचे दगड ठेवलेत. पाणी मागं हटल्यावर उन्हाळ्यात तिथंच खणायचं आहे.