सारखेपणाची किंमत

बोइंग ७३७ पहिल्यांदा १९६७ मध्ये उडाले, तेव्हा वैमानिकांसमोर काटे असलेल्या गोल तबकड्या होत्या. १९९७ मध्ये उडालेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ पिढीत त्यांच्या जागी सहा पडदे आले आणि ‘मॅक्स’मध्ये चार मोठे. डोक्यावरच्या स्विचांची मांडणी मात्र बरीचशी जुनीच राहिली. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने तर नव्या पडद्यांवरही जुन्या तबकड्यांचीच चित्रे दाखवली, कारण तिचे वैमानिक दोन्ही पिढ्यांची विमाने चालवत. याला प्रशिक्षणाचा खर्च वाचवणारी निव्वळ कंजुषी म्हणता येणार नाही. आणीबाणीत हात सवयीनेच चालतो. स्विच नेहमीच्या जागी असणे हीदेखील सुरक्षितताच.

पण डोळ्यांना दिसणारा फरक वैमानिक चटकन शिकतो. घात होतो तो न दिसणाऱ्या फरकाने. मॅक्सची मोठी इंजिने पुढे आणि उंचावर बसवल्याने काही स्थितींत नाक वर जाण्याचा कल वाढला. ते आपोआप खाली दाबणारी ‘एमकॅस’ यंत्रणा एकाच संवेदकावर विसंबून होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा खुलासा नव्हता. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ जणांचा बळी गेला. अपघातांना देखभालीसारखी इतर कारणेही होती, हा आक्षेप रास्त आहे. तरी दडवलेला बदल त्यामुळे क्षम्य ठरत नाही. अखेर २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने मॅक्ससाठी सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचे केले. कॉकपिट सारखे ठेवावे, पण विमानाचे वागणे बदलले असेल तर ते वैमानिकाला सांगितलेच पाहिजे.